आमच्या कॅसेटमधल्या मुक्या जागा

आमच्या कॅसेटमध्ये दोष आहे म्हणणाऱ्याने एकदा माझ्यासमोर यावं. मध्येच आवाज बंद पडतो म्हणे! अरे, कानांत काय सरकी भरलीय? आवाज बंद पडत नाही, आम्ही तो बंद केलाय. एक्क्याण्णव सालची गोष्ट आहे, ऐका.

आमचा चोपड्याचा लग्नातला बॅंड. मी झांजा वाजवायचो आणि तोताराम कीबोर्ड. कीबोर्ड हातगाडीवर बांधलेला, खाली ट्रॅक्टरची बॅटरी, वर भोंगा. एका गिरणीत मशीन बसवायला आलेला परदेशी मिस्त्री जाताना एक टेप विसरून गेला. त्या वाजवण्याला जॅझ-फंक म्हणतात, हे आम्हांला मागाहून कळलं. तोतारामने ती ऐकली आणि डावा हात असा काही चालवायला लागला की, यावलला दुपारी वाजवलं तर संध्याकाळपर्यंत केळीचे घड पिवळे. खोटं वाटत असेल तर यावलला जाऊन विचारा.

जळगावच्या पुखराजशेठचं कॅसेटचं दुकान होतं. तो म्हणाला, "तोताराम, तुझ्या नावाची कॅसेट काढू. गाणं नको, नुसतं वाजव."

त्याने आम्हांला मागच्या खोलीत खुर्च्यांवर बसवलं आणि झालं! एकाचाही सूर लागेना. जन्मभर वरातीपुढे चालत वाजवलेलं. बूड टेकलं की आमची बोटं झोपतात. शेवटी माईक गल्लीतल्या कडुनिंबाला टांगला आणि आम्ही गल्लीत फेऱ्या धरल्या. पुढे आमच्या घोडेवाल्या जीवरामची पांढरी घोडीसुद्धा, कारण तिच्याशिवाय ढोलवाल्याचा पायच उचलेना.

पण गल्लीत भिकुबाईचं घर होतं. तिचा नवरा गेल्याला तिसराच दिवस. तोताराम आधी तिच्या ओट्याशी गेला.

"अक्का, नको म्हणत असशील तर आम्ही परत जातो."

"वाजवा रे भो, पोटाचा धंदा आहे. फक्त माझ्या दारापुढे नको."

"नाही वाजणार. शब्द दिला."

सुतकाच्या दारापुढे बॅंड मुका होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दर फेरीला तिचं दार आलं की बाजा बंद. नुसत्या टापा आणि हातगाडीचं कुरकुरणारं चाक. दार मागे पडलं की पुन्हा उडी. घोडीसुद्धा तिथे मान खाली घालून चालायची.

आणि पुखराजशेठने काय करावं? फितीतल्या तेवढ्या मुक्या जागा ब्लेडने कापल्या, टोकाला टोक चिकटवलं आणि कॅसेट बाजारात!

तोताराम दुकानात गेला तो लालबुंद होऊन. "शेठजी, ही कॅसेट मी भिकुअक्काच्या दारातही वाजवलं असं सांगतेय. माझा शब्द कापला तुम्ही!"

"अरे, ऐकणाऱ्याला दार दिसतं का? रिकामी फीत कोण घेणार?"

"मग माझं नाव काढा तिच्यावरून."

"छापून झालं, भाऊ."

वर आणखी एक अपमान. शेठच्या पुतण्याचं, माणकचंदचं लग्न निघालं. बॅंड तयार असताना शेठने जीपवर आमचीच कॅसेट लावली! आमच्याकडून घेतली फक्त घोडी. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, भाड्याने न गेलेल्या भांड्यांसारखे.

वरात निघाली. कॅसेट पहिल्या कापलेल्या जागी आली आणि घोडी थांबली. तिला चाल पाठ होती ना! इथे गप्प व्हायचं असतं, आणि हे मेले वाजवताहेत. चुचकारलं, ओढलं, हरभरे दाखवले. शेवटी ती नवरदेवासकट रस्त्यात बसली. जीप पुढे, वऱ्हाड पुढे, माणकचंदचा फेटा मागे. मुहूर्त टळत चालला.

शेठ धावत आला. "तोताराम, हिला उठव रे!"

"कॅसेट बंद करा."

बंद केली. घोडी उठली, मान खाली घालून चार पावलं मुकी चालली आणि मग शेपटी उडवून उभी राहिली. आता वाजवा, म्हणत असावी.

"मुक्या जागा परत जोडणार?" तोतारामने विचारलं.

"जोडतो, बाबा! वाजव!"

आणि शेठने जोडल्या, हे कबूल केलं पाहिजे. नवी कॅसेट तोतारामने आधी भिकुबाईच्या ओट्यावर नेऊन लावली. म्हातारी गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकत होती. बाजा जवळ आला आणि थांबला. टापा. चाकाची कुरकुर. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला.

"हाई मन्हं दार शे. माझं दार," ती म्हणाली.

आता शेठच्या दुकानात मी बसतो, आणि हे दीडशहाणे तीच कॅसेट परत आणून माझ्यासमोर काउंटरवर आपटतात, बदलून द्या म्हणतात. नाही देणार! काय करायचं ते करा.