नव्वद दिवसांचा बेत

“परत येण्याची कारणं,” मी मोठ्याने वाचलं. “इथे सविस्तर लिहायचंय, आई. तू व्हिएन्नाहून परत का येशील?”

आई पुलावासाठी गाजरं चिरत होती. तिने सुरी थांबवली नाही.

“का म्हणजे? घर इथे आहे म्हणून.”

“घर कोमिलच्या नावावर आहे.” कोमिल माझा धाकटा भाऊ.

“मग लिही, कोमिलचं घर इथे आहे म्हणून.”

“तसं चालत नाही गं.”

“मग अंजीर लिही. थंडी पडायच्या आत झाड वाकवून मातीखाली पुरावं लागतं, नाहीतर जातं. तुला ते जमत नाही, कोमिल रशियात. कोण पुरणार? व्हिसावाले?”

मी अंजीर लिहिलं. कागदावर ते फारच एकटं दिसत होतं, म्हणून त्याखाली स्वतःचं नाव लिहिलं: मुलगी, निगिना, वय सेहेचाळीस, ग्रंथालयात नोकरी, आईसोबत राहते. घटस्फोटानंतर मी समरकंदच्या या घरात परत आले, हे लिहायला रकाना नव्हता.

बेत आईचा एकटीचा होता. उन्हाळ्याचे नव्वद दिवस बुलोर खालाकडे व्हिएन्नात राहायचं. बुलोर खाला, म्हणजे बुलोर मावशी, आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. ती आणि आई एकाच वर्षी जन्मल्या, एकाच शाळेत गेल्या, एकीच्या तंदूरमध्ये दुसरीचा नान भाजला. सोव्हिएत संघ फुटल्यावर, ब्याण्णव-त्र्याण्णवमध्ये, आमच्या गल्लीतली ज्यू घरं एकेक करून रिकामी झाली, तेव्हा खालाचं घरही झालं; ती व्हिएन्नाला गेली. आता पंचवीस वर्षांनी तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीन दिवस तिला रुग्णालयात मशीनला जोडत. ती शहर सोडून कुठेच जाऊ शकत नव्हती. म्हणजे जायचं तर आईनेच.

आईने एका जुन्या वहीत दिवस आखले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीनचे. “एकोणचाळीस दिवस मशीनचे,” ती म्हणाली, “आणि एक्कावन्न माझे.” मशीनच्या दिवशी ती तिथे बाजूला बसून लोकर विणणार होती. आपल्या दिवसांपुढे तिने बारीक अक्षरात कामं लिहिली होती. बुलोरच्या रजया उसवून कापूस पिंजणे. आंबट चेरीचा मुरंबा. बुलोरच्या केसांना मेंदी. बुलोरच्या सुनेला मंती, म्हणजे खिम्याचे उकडलेले मोदक, वळायला शिकवणे, कारण ती दुकानातून गोठवलेल्या आणते.

मी ग्रंथालयातून व्हिएन्नाचं एक जाडजूड सचित्र पुस्तक आणलं. आईने चार पानं उलटली आणि मिटून माझ्याकडे सरकवलं.

“एवढे राजवाडे बघत बसले तर बुलोरला कधी बघू?”

मुलाखत ताश्कंदला होती, मेमधल्या एका मंगळवारी. पहाटेच्या गाडीसाठी आम्ही दार उघडलं तर गल्लीत सात-आठ बायका उभ्या. सगळ्यांत पुढे हुरमत बीबी, हातात तंदूरमधून नुकताच काढलेला नान.

“घे, सनोबर, चाव.”

“बीबी, आज फक्त मुलाखत आहे,” मी म्हटलं. “व्हिसा मिळाला तर जूनमध्ये जायचंय.”

“तू वाचतेस फार, त्याने तुझं पोट भरतं. तिला चावू दे.”

आमच्याकडे लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस नानचा एक घास तोडतो. उरलेला नान भिंतीवर टांगायचा. माणूस परत आला की त्यानेच तो संपवायचा; तोवर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. घास तोडायचा तो पाय खरोखर बाहेर पडताना, आधी नाही, हे आईला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

“आई, आज नको,” मी हळूच म्हटलं.

आईने नानकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी धरून असा मोठा घास तोडला की बायका हसायला लागल्या.

“तोंडात गेला,” ती भरल्या तोंडाने म्हणाली. “आता काय बाहेर काढू?”

 गाडीने जिझ्झाख स्टेशन मागे टाकल्यावर ती खिडकीकडे बघत म्हणाली, “बुलोर गेली तेव्हा मी तिला नान दिला नव्हता.”

“का?”

“परत येणार नाही, हे माहीत होतं. टांगून ठेवायचा आणि रोज बघायचा? मला झेपलं नसतं. तिने मागितलाही नाही. दारात नुसती उभी राहिली थोडा वेळ.”

वकिलातीत काचेपलीकडची अधिकारी बाई तरुण होती आणि सभ्य होती. शेजारी दुभाष्या. मला आईच्या मागे उभं राहू दिलं.

“इथे तुमच्या नावावर काय काय आहे?” दुभाष्याने विचारलं.

“नावावर?” आई म्हणाली. “माझ्या नावावर माझं नाव आहे.”

“घर? जमीन?”

“घर धाकट्या मुलाचं. घर धाकट्याचंच असतं, तुला नाही का माहीत? कुठला तू?”

“बुखाऱ्याचा, खाला,” तो खाली बघत म्हणाला.

वडील गेले त्याच वर्षी आईने घर कोमिलच्या नावावर करून दिलं होतं. उशीर करणाऱ्या आईला लोक नावं ठेवतात. तिला कोणी नावं ठेवली नाहीत आणि कागदावर तिचं या जगात काही उरलं नाही.

“नोकरी?”

“प्रसूतिगृहात सदतीस वर्षं. जन्मलेल्या पोरांना पहिली आंघोळ मी घालायची. आता दुसरी घालते, मेल्यावरची.”

“पती?”

“वारले.”

“तुम्ही नव्वद दिवसांनी परत याल, हे कशावरून समजायचं?”

आई काचेजवळ वाकली. आवाज पोचावा म्हणून नव्हे. महत्त्वाचं सांगताना ती नेहमीच वाकायची.

“मी नान चावून आलेय.”

दुभाष्याने ते नीट सांगितलं. घास, भिंत, परत येणं, सगळं. मला जर्मन येत नाही, पण त्याने घाई केली नाही, एवढं कळलं. बाईने ऐकून घेतलं आणि मान हलवली. पेन मात्र उचललं नाही.

तीन आठवड्यांत गल्लीने घर भरून टाकलं. व्हिएन्नात गेलेल्या आपापल्या जुन्या शेजाऱ्यांसाठी प्रत्येकीचं काही ना काही होतं. जर्दाळू, काळे मनुके, हलव्याचे डबे, एका नातवासाठी भरतकामाची टोपी. बुलोर खालाने फक्त डोंगरातलं जिरं मागितलं होतं. तिथल्या जिऱ्याला वासच नाही म्हणे. आईने त्यासाठी तीनदा बाजारात फेऱ्या मारल्या आणि दर वेळी चिमूट चुरडून दुकानदारांशी भांडण केलं.

मग पासपोर्ट आला. आत शिक्का नव्हता, एक छापील कागद होता आणि त्यावर एका चौकोनात फुली.

“वाच,” आई म्हणाली.

“व्हिसाची मुदत संपण्यापूर्वी देश सोडण्याचा आपला इरादा खात्रीलायक वाटत नाही.”

“परत वाच.”

मी परत वाचलं.

“म्हणजे मी तिथेच राहून जाईन, असं वाटलं त्यांना?” तिला राग आलेला दिसला नाही. एखादं पोर जन्मल्यावर रडलं नाही तर तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते आलं. “माझ्या तोंडाकडे बघून असं वाटलं?”

“तोंडाकडे नाही गं. कागदाकडे बघून.”

“कोणाला सांगू नकोस. बुलोरला तर मुळीच नाही.”

दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पिशव्या हातगाडीवर घातल्या आणि घरोघर जाऊन परत केल्या. मी बरोबर गेले. हुरमत बीबी दारातच बसली होती.

“काय गं, विमान चुकलं?”

“नाही. मीच उतरले.”

“चढायच्या आधीच?”

“या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं बरं पडतं.”

हुरमत बीबी हसली नाही. तिने आपला जर्दाळूचा डबा उचलला, थोडा वेळ मांडीवर धरला, आणि पुन्हा आईच्या हातात दिला. “तूच खा. परत आलेलं मी घरात घेत नाही.”

शुक्रवारी मशीनवरून सुटली की बुलोर खालाचा फोन यायचा. त्या शुक्रवारी मी स्वयंपाकघरातच होते. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता, कारण तिला कमी ऐकू यायचं.

“गुडघा, बुलोर. जिने चढवत नाहीत.”

“आमच्याकडे लिफ्ट आहे.”

“विमानाला नाही ना.”

आईने फोन जवळ ओढला.

“पुढच्या उन्हाळ्यात,” आई म्हणाली. “नक्की.”

“पुढच्या उन्हाळ्यात मी आहे का, ते मशीनला विचारून सांगते.”

त्यानंतरही दर शुक्रवारी फोन आला. पण ‘कधी येतेस’ हे खालाने पुन्हा कधी विचारलं नाही. आईच्या ते लक्षात आलं होतं. फोन ठेवल्यावर ती उगाच टेबल पुसत बसायची.

“खरं सांगून टाक ना तिला,” मी एकदा म्हटलं.

“काय सांगू? माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवला नाही, असं? त्यापेक्षा गुडघा बरा.”

भिंतीवरचा नान मात्र तिने उतरवला नाही. मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “गेलेच नाही तर परत कशी येऊ? परत आल्याशिवाय खाऊ कशी? राहू दे.” तो वाळून फरशीसारखा झाला होता आणि तिच्या दातांची कमान त्यावर स्पष्ट दिसत होती.

पुढच्या वर्षीचा अर्ज मी मनात तयार केला होता. घर पुन्हा आईच्या नावावर करून द्यायला कोमिल नाही म्हणाला नसता. त्याला एक फोन करायचा होता. त्याची बायको काय म्हणेल, लोक काय म्हणतील, असं म्हणत मी तो फोन उन्हाळा गेल्यावर करायचा ठरवला, मग अंजीर पुरून झाल्यावर, मग नव्या वर्षानंतर.

फेब्रुवारीतल्या दुसऱ्या सोमवारी सकाळी आई आरशासमोर डोक्याला रुमाल बांधत होती. गाठ मारण्यासाठी हात मागे नेले आणि ती बसल्यासारखी खाली आली. मी पोचले तोवर संपलं होतं. दुपारी तिला नेलं. कोमिल दुसऱ्या दिवशी पोचला आणि ओल्या मातीपाशी उभा राहून परत आला.

तिसऱ्या दिवशी बायका जमल्या. स्वयंपाकघरातली भांडी आवरताना माझा हात त्या नानकडे गेला. नान टाकता येत नाही. पाण्यात भिजवून पाखरांना घालावा, असं माझ्या मनात होतं. हुरमत बीबीने माझं मनगट धरलं.

“आत्ता खरी निघालीय ती,” ती म्हणाली. “आता हात लावू नकोस.”

शुक्रवार यायचा होता. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी मी खालाचा नंबर काढून बघितला आणि फोन खाली ठेवला. तिच्या मुलाला कळवता आलं असतं. पण तो सांगेल तेव्हा खाला कुठे असेल, मशीनला जोडलेली असेल का, कोण जाणे.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला.

“सनोबर?”

“मी निगिना, खाला.”

“ती कुठे गेली? शुक्रवारची फोन मांडीवर घेऊन बसलेली असते.”

मी सांगितलं. सोमवारी सकाळी, रुमाल बांधताना. दुखलं नाही. दुपारी नेलं. वाक्यं आधी ठरवून ठेवली होती, ती लवकर संपली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. 

“तो गुडघा,” खाला म्हणाली. “खरा होता?”

“नाही.”

“वाटलंच. मला वाटलं, तिला मला असं बघायचं नाहीये. नळ्या लावलेली. मी म्हटलं, नको तर नको.”

“खाला, तिला व्हिसा नाकारला होता. कागद आहे माझ्याकडे.” मी तो कपाटातून काढला आणि तिला वाचून दाखवला, आईला दाखवला होता तसाच, दोनदा. “ती परत येणार नाही, असं वाटलं त्यांना.”

“सनोबर? ती तर शाळेच्या सहलीलाही दुपारी परत निघायची.” खाला हसली असावी, मग नाक ओढल्याचं ऐकू आलं. “म्हणजे तिला यायचं होतं.”

“नान चावला होता तिने. मेमध्येच. तारीखही ठरली नव्हती तेव्हा.”

“वेडी.” थांबून ती म्हणाली, “मला नव्हता दिला तिने.”

“माहीत आहे. तिने सांगितलं होतं मला. द्यायची भीती वाटली होती तिला.”

“हो,” खाला म्हणाली. “आणि मला मागायची.”

मग तिने सांगितलं, की कपाटातले खालचे दोन कप्पे तिने आईसाठी रिकामे केले होते. तिला स्वतःला वाकता येत नाही म्हणून खालचे. सून अधूनमधून त्यात काही ठेवायला बघते, पण अजून तरी ते रिकामे आहेत.

“आंघोळ कोणी घातली?”

“धुणाऱ्या बायका आल्या होत्या. पाणी मी तापवून दिलं.”

“कोमट होतं ना? गार पाणी सोसायचं नाही तिला. आम्ही पोरी सियोब नदीत उड्या मारायचो आणि ही काठावर कपडे राखत बसायची.”

“कोपर बुडवून पाहिलं होतं मी, खाला.”

“मग ठीक आहे.”

तिने फोन ठेवला नाही. आईचं आणि तिचं बोलणं दर शुक्रवारी तासभर चालायचं. आम्ही फोन कानाशी धरून, फारसं काही न बोलता, तो तास पुरा केला.