तळ्याला मोठं म्हणू नये

आमच्याकडे तळ्यावर कशालाच मोठं म्हणत नाहीत. नावाला 'झिन्यू' लावला की ती चीज लहान होते, लाडाची होते. नावेएवढी मगरसुद्धा आम्हाला जाकारेझिन्यू.

लाउरो साहेब दक्षिणेकडून तळ्याची खोली मोजायला आले. त्यांच्या तोंडी सारखं 'बाइता'. तिकडे भल्यामोठ्याला तसं म्हणतात. बाइता झाड, बाइता मासा. दोतोर म्हणजे शिकलेला साहेब; निघताना आईने हाक मारली, "दोतोरझिन्यू, टोपी घ्या!"

साहेब लाल झाले. "मी काय शेंबडं पोर आहे?"

"तळ्यावर निघालात म्हणून म्हटलं, बाबा," आई म्हणाली. ती हसत नव्हती.

नाव मी वल्हवत होते. काठाशी खोली चार मीटर भरली, मध्यावर अकरा.

"बाइता खोल आहे की गं, इरासी!" साहेब ओरडले.

"हळू! लागोझिन्यू म्हणा त्याला."

"एवढ्या तळ्याला झिन्यू? लोक हसतील मला."

खात्री करायला त्यांनी शिसं लावलेला दोर तिथेच पुन्हा सोडला. दोर पळत सुटला. वीस झाले, तीस झाले, पन्नास मीटर संपले. टोक नावेला बांधलेलं होतं, म्हणून नाव एका बाजूला कलली. पाखरं गप्प झाली. मी मान वर केली तर समोरच्या काठाची झाडं नव्हती. नुसतं पाणी.

मी हात पाण्यात घातला आणि तान्ह्या बाळाशी बोलावं तशी बोलू लागले, "लागोझिन्यू, माझ्या सोन्या, पुरे आता." मग साहेबांवर खेकसले, "म्हणा ना तुम्हीपण!"

त्यांनी नावेची कड घट्ट धरली. शेवटी आवाज निघाला तो अगदी बारीक, "लागोझिन्यू..."

दोर सैल पडला. आम्ही दोघांनी ओढून घेतला, पन्नासच्या पन्नास मीटर ओला, बर्फासारखा गार. शिसं गेलं होतं. त्या टोकाला कुणीतरी गाठ मारली होती, बारीक आणि नीटनेटकी. असली गाठ आमच्याकडे कुणाला येत नाही.

सकाळी अर्ध्या तासात गेलो होतो; परतायला दुपार कलली. साहेबांनी वहीत 'अकरा मीटर' लिहिलं आणि पहिल्या लाँचने निघून गेले. दोर मागेच राहिला.

दोर चांगला होता. मी गाठ सोडायला बसले, तर आईने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "ज्याची आहे तो सोडेल."