जरा आवाज वाढवा

वसाहतीत त्यांना कोणी नावाने ओळखत नसे. ते तोफखाना. पूर्वी सैन्यात तोफेवर होते, लढाईत सबंध महिनाभर तोफेशेजारी उभे राहिले आणि दोन हात, दोन पाय व दीड कान घेऊन घरी परतले. तो उरलेला अर्धा कानही गेली काही वर्षं निरोप घेत होता, पण याचा सुगावा आपण कोणाला लागू दिलेला नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती.

निवृत्तीनंतर त्यांनी महिनाभर बायकोच्या कामात लुडबूड केली. तेव्हा तिने हात जोडून सांगितलं, "अहो, बाहेर जाऊन कोणाचं तरी भलं करा." तोफखान्याने तो हुकूम मानला आणि वसाहतच ताब्यात घेतली. जिन्यातले दिवे बदलायचे, कोणाची औषधं आणायची, कोणाचे अर्ज भरायचे. चौदा वर्षं हे चाललं होतं. पण खरं काम सकाळी सातचं, हजेरीचं. एकट्या राहणाऱ्या अकरा म्हाताऱ्या माणसांच्या दारावर तीनदा टकटक करायची, आतून 'हजर' असं उत्तर यायचं, मग यांचं 'शाब्बास' आणि वहीत खूण. 'आहे' किंवा 'जिवंत आहे बाबा' असली उत्तरं चालत नसत. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी शाळेत पस्तीस वर्षं हजेरी घेतली होती. त्या म्हणत, "माझ्या वर्गातसुद्धा इतकी शिस्त नव्हती हो."

थट्टा सगळेच करत, पण या हजेरीमागचं कारण फक्त बायकोला ठाऊक होतं. लढाईत एका पहाटे मारा थांबल्यावर हजेरी झाली, तेव्हा त्यांच्या तोफेवरच्या सहा जणांपैकी दोघांनी उत्तर दिलं नाही. ती दोन नावं पुकारल्यानंतरची शांतता तोफखान्याला आजही सोसत नसे. सकाळी अकरा खुणा झाल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

आणि आता ती उत्तरं ऐकूच येईनाशी झाली होती. बायकोने कानाचं यंत्र आणून दिलं, ते डबीसकट कपाटात गेलं. कारण वसाहतीचे चिटणीस बैठकीत म्हणाले होते, "ही फेरी आता कोणा धडधाकट माणसाकडे द्यायला हवी." कानात यंत्र दिसलं की फेरी गेलीच! मग तोफखान्याने युक्ती काढली. टकटक करायची, मनात तीन मोजायचे आणि 'शाब्बास' म्हणायचं. कोणाला शंका नको म्हणून वर दम द्यायचा, "जरा आवाज वाढवा!"

त्या मंगळवारी पहिल्या मजल्यावरचा शिंपी न्हाणीघरात घसरून पडला होता. दारावर टकटक झाली तसा तो ओरडला, "अरे, पडलोय मी!"

एक, दोन, तीन. "शाब्बास! जरा आवाज वाढवा!"

शिंप्याने वाढवला. होता नव्हता तेवढा सगळा वाढवला. तोफखान्याने वहीत ठळक खूण केली आणि ते समाधानाने जिना उतरले.

दुपारी बायकोने सगळी हकीकत त्यांच्या कानात ओरडून सांगितली. शिंप्याच्या घोट्याचं हाड मोडलं होतं, बाईंनी वेळेवर दार उघडवलं म्हणून निभावलं, आता प्लास्टर घालून घरी आणलंय. पडलेल्या माणसाला आपण हजर मांडलं, याची तोफखान्याला इतकी शरम वाटली की जेवणाच्या ताटाकडे त्यांनी पाहिलंही नाही. वही घेऊन ते तडक शिंप्याकडे गेले.

शिंपी पाय उशीवर ठेवून पडला होता. शेजारी बाई बसल्या होत्या. तोफखान्याने वही बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"चिटणीसांना देऊन टाका. मला ऐकू येत नाही. दोन वर्षं मी सगळ्यांना फसवतोय."

बाई आणि शिंप्याने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनाही हसू आवरेना.

"फसवताय?" बाई त्यांच्या तोंडासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या. "दोन वर्षं मी रोज तुमच्या मागून फिरतेय! तुम्ही पुढच्या दाराकडे वळलात की मी आधीच्या दाराला कान लावते. म्हणून तर आज याचा ओरडा ऐकला. कापडी सपाता घालते, पावलांचा आवाज नको म्हणून."

"त्याला कुठला ऐकू येतोय पावलांचा आवाज!" शिंपी म्हणाला.

तोफखान्याला हसावं की रडावं कळेना. "मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही यायचे थांबला असता."

"थांबायलाच हवं होतं. याचं काही बरंवाईट झालं असतं तर?"

शिंपी कोपरावर रेटून अर्धवट उठला. मघाचं हसू आता त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. तो मोठ्याने म्हणाला, "हे बघ तोफखाना, दिवसभरात माझं दार दुसरं कोणी वाजवत नाही. तू येणार म्हणून मी साडेसहाला उठतो, दाढी करतो. उद्या सातला यायचं."

"अरे, पण मला ऐकू येणार नाही!"

"ऐकायला कोण बोलावतंय तुला?"

तोफखान्याला हे वाक्य पहिल्या फटक्यात, अगदी स्वच्छ ऐकू आलं. तरीही त्यांनी कानामागे हात धरला आणि म्हणाले, "काय?"

शिंप्याने पुन्हा सांगितलं.