पहिली चिठ्ठी

“अहो मॅडम, पण पहिली फाडायची कुणी?” सफाईवालीने बादली खाली आदळली.

दवाखान्यातल्या बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला मोहिमेचं पोस्टर होतं. घरात मारहाण होत असेल तर फोन करा. खाली झालरीसारख्या कापलेल्या चिठ्ठ्या, प्रत्येकीवर नंबर. जागा या मॅडमनेच, म्हणजे पोस्टरवालीनेच, शोधली होती. नवरा सोबत येऊ शकत नाही अशी ही एकच. ऑफिसात कौतुक झालं होतं. झालर मात्र जशीच्या तशी.

“बाहेर रांग असते. मागून येणारीला कळतंच ना, आधीचीने फाडली ते! आणि मागची कोण? जाऊ नाहीतर शेजारीण. संध्याकाळपर्यंत गावभर!”

पोस्टरवालीने आत जाऊन कडी लावली आणि इकडून-तिकडून चार-पाच चिठ्ठ्या फाडून खिशात टाकल्या. पुढच्या आठवड्यात झालर आणखी विरळ झालेली दिसली.

“कमाल केलीस की!” साहेब म्हणाले.

खिशातल्या चिठ्ठ्यांचं तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. ती दादाच्या घरी राहायची. वडील गेल्यावर दादानेच तिला शिकवलं होतं. भिंतीपलीकडून वहिनीचा दबलेला आवाज आला, की ती पंखा मोठा करायची. वहिनीशी बोलायला तोंड उघडत नव्हतं. म्हणून तिने चिठ्ठ्या खिशात तशाच ठेवून पँट धुवायला टाकली. वहिनी खिसे तपासल्याशिवाय कपडे भिजवत नसे.

रविवारी दुपारी वहिनी इस्त्रीचे कपडे घेऊन आली. वर चिठ्ठ्यांची नीट लावलेली गड्डी.

“वन्सं, खिशात राहिल्या होत्या. लागतील तुम्हाला.”

“असू दे. तुम्हीच ठेवा ना… एखादी.”

वहिनी हसली. “नंबर पाठ झालाय. परवा लावलासुद्धा.”

“मग?”

“बाई चांगली होती हो. घाई नाही, उपदेश नाही. फक्त विचारलं, घरात तुमच्या बाजूने बोलणारं कुणी आहे का?”

“काय सांगितलंत?”

वहिनीने कॉलरवरची सुरकुती अंगठ्याने सपाट केली.

“नाही म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?”

आवाजात राग नव्हता. घरातलं मीठ संपलंय म्हणून सांगावं, तसं सांगितलं तिने. पोस्टरवालीने चिठ्ठ्यांची गड्डी उचलून टेबलावर ठेवली.

बाहेर मोटारसायकल थांबली.

“कुठे मेलीस गं? दार उघड!”

“आले, आले!” वहिनी पदर सावरत गेली.

दार उघडलं. दादाचा आवाज चढला. मग काहीतरी पडलं. पोस्टरवाली उठून दारापर्यंत गेली. दारापाशीच पंख्याचं बटण होतं. तिने ते शेवटपर्यंत फिरवलं.

टेबलावरच्या चिठ्ठ्या एकेक करत उडाल्या आणि खोलीभर पसरल्या.