कोणती परीक्षा

कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला गेली तरी घरच्यांसाठी ती बारकीच होती. महिनाभर तिच्या डोक्यात एकच घोळ चालला होता: सायबर सुरक्षेचं पहिलं सर्टिफिकेट कोणतं करायचं? वर्गातली निम्मी मुलं हॅकिंगच्या परीक्षेमागे लागली होती. परवानगी घेऊन दुसऱ्याच्या यंत्रणेत घुसायचं आणि भगदाड दाखवायचं, त्यात रुबाब होता. लॅबच्या मॅडम मात्र म्हणत, आधी पायाभूत सुरक्षेची परीक्षा दे, आत घुसलेला माणूस ओळखायला शीक. बारकीला ते अळणी वाटे. राखणदारी करायला कोण एवढं शिकतं?

त्या मंगळवारी दुपारी तिच्या खोलीच्या दारात ताई उभी राहिली. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून मिटलेला, पायात दोन वेगळ्या चपला. भाऊजींचा हात उठतो हे बारकीला ठाऊक होतं. या खेपेला पट्टा उठला होता. कुठे जातेय हे ताईने कुणालाच सांगितलं नव्हतं. खोलीही नवी, ताई सोडून कुणालाच, अगदी आईलासुद्धा, पत्ता माहीत नव्हता.

ताई जेमतेम आडवी झाली, तोच दारावर लाथ बसली. तिसऱ्या लाथेला कडी उखडली. भाऊजींनी ताईला केसांना धरून ओढलं आणि तिचं डोकं पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटलं. बारकी मध्ये पडली, तर त्यांनी तिचा उजवा हात दारात धरून दार लोटलं. दोन बोटं मोडल्याचा आवाज तिने स्वतः ऐकला. मग ते ताईच्या छातीवर बसले, दोन्ही हातांनी तिचा गळा आवळला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "फोन तुझ्याजवळ आहे तोवर कुठेही जा. मला दिसतेस तू."

बारकीने डाव्या हाताने इस्त्री उचलली.

"सोड तिला," ती म्हणाली. भाऊजींना तिने आयुष्यात पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानशिलावर. ते कोसळले. तिसऱ्यासाठी तिने हात उचलला, तेव्हा खाली पडलेल्या ताईने तिचा पाय धरला. शेजारची शिंपीण आणि तिचा नवरा धावत आले आणि पोलीस येईपर्यंत भाऊजींना दाबून बसले.

दवाखान्यात ताईच्या डोक्याला सात टाके पडले, बारकीच्या बोटांना प्लास्टर. भाऊजींचं ते वाक्य काही तिच्या डोक्यातून जाईना. ताईचा फोन तिने हातात घेतला. घुसायचे वीस मार्ग तिला तोंडपाठ होते, पण आधीच कोण घुसलंय ते कुठे पाहायचं, याचा पत्ता नव्हता. सगळंच पुसून टाकावं असं तिला वाटलं, पण आधी तिने मॅडमना फोन केला.

"काहीही पुसू नकोस. पुसलंस तर तो सुटेल," मॅडम म्हणाल्या आणि तासाभरात आल्या. कोणतं ॲप कशाची परवानगी घेतंय, ते त्यांनी एकेक करून उघडून दाखवलं. टॉर्चचं एक ॲप दिवसभर ताईचा ठावठिकाणा पाठवत होतं, माइकही ऐकत होतं. लग्नानंतर आठवड्याभरातच ते टाकलेलं होतं. त्यांनी प्रत्येक पडद्याचा फोटो काढला, तारखा लिहिल्या.

"मला त्याच्या फोनात घुसायचंय," बारकी म्हणाली.

मॅडमनी ताईचा फोन तिच्यापुढे धरला. "घुसायला तोही शिकलाच होता ना?"

आधी नवरा-बायकोचं भांडण म्हणून टाळणाऱ्या हवालदाराने ते फोटो पाहिले, तारखा वाचल्या आणि तक्रार नव्याने लिहून घेतली. भाऊजींना जामीन मिळाला नाही.

बारकीने पायाभूत सुरक्षेचा फॉर्म डाव्या हाताने भरला. वर्गात चेष्टा झाली, तिने कारण सांगितलं नाही. अभ्यास करताना मध्येच तो तिसरा, न बसलेला घाव तिच्या हातात सळसळे. मग ती उठून पाणी पिई आणि परत बसे.

काठावर का होईना, ती पास झाली. त्या दुपारच्या मारापासून ताईला डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं, म्हणून निकाल तिने उजव्या बाजूला बसून सांगितला.