खास जातीचे बटाटे

"एन्झाइम बर्फाबाहेर राहिलं असणार. दुसरं काय?" मॅडम नव्या तंत्रज्ञ मुलीला म्हणाल्या.

"नाही हो मॅडम. म्हणजे, मला तरी तसं आठवत नाही." मुलीचे डोळे भरून आले.

प्रयोगशाळेच्या सिंकपाशी मावशी काचेची भांडी धूत होत्या. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी नळ मोठा सोडला.

हे एन्झाइम बटाट्याच्या रसातून काढत. ज्या रेणूंमुळे नमुना चमकतो, ती न्यूक्लिओटाइडं तोडणं हे त्याचं काम. ते घातलं की नमुन्यातला उजेड विझायला हवा. आज तो विझायचं नाव घेत नव्हता. या एन्झाइमसाठी एका खास जातीचे बटाटे मागवून थंड खोलीत ठेवत. ते सोलून, किसून, रस पिळून द्यायचं काम कित्येक वर्षं मावशींचं.

परवा मावशी घरी निघाल्या आणि त्यांच्या लेकीच्या सासूबाई जेवायला येताहेत असा फोन आला. घरात भाजी म्हणून काही नव्हतं. मावशींनी ते बटाटे पिशवीत भरले आणि सकाळी बाजारातून तेवढेच आणून ठेवले. बटाटा तो बटाटा, अशी मनाची समजूत घातली. विहीणबाई मात्र मागून मागून जेवल्या होत्या.

"तुला कायम करायचं की नाही, याचा मला विचार करावा लागेल," मॅडम मुलीला म्हणाल्या.

मावशींनी नळ बंद केला. "तिचं काही चुकलं नाही मॅडम. बटाटे मी बदलले. घरी नेले."

मॅडम चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो मावशी, मागितले असते तर मी नाही म्हटलं असतं का?"

"मागायची लाज वाटली."

बोलल्या आणि त्यांचे कान तापले. एवढीशी लाज राखायला गेल्या आणि होती नव्हती ती घालवून बसल्या.

पुढच्या आठवड्यात नवं पोतं आलं. थंड खोलीला कुलूप लागलं. किल्ली मुलीकडे होती. बटाटे काढून देताना ती मावशींकडे बघत नव्हती.

"मावशी, मोजत नाही हं मी," ती कुलपाशी खटपट करत म्हणाली. "तुम्ही न्या तसेच."

"मोज गं," मावशी म्हणाल्या आणि घमेलं खाली ठेवून उभ्या राहिल्या.