हत्यारांच्या पेटीतली बाटली

"आई, ती बाटली आधी इकडे द्या!"

बायको ओरडली, तशी माझ्या आईने फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांची बाटली पाठीमागे लपवली. "अगं, एकच देणार होते. ताकद येते."

"त्या गोळीनं इंजेक्शनचं काम बिघडतं, आई!"

बायकोला दिवस गेले होते. पण गर्भ जागेवर न रुजता शेजारच्या नळीत रुजला होता. तिथे तो जगत नाही, आणि नळी फुटली तर बाईच्या जिवावर बेततं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रक्तातला गरोदरपणाचा आकडा आपोआप उतरत असता तर नुसती वाट पाहिली असती. तुमचा चढतोय. लवकर कळलं, म्हणून गर्भाची वाढ थांबवणारं इंजेक्शन देऊ. लागू पडलं नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. कदाचित नळीही काढावी लागेल."

मी लिफ्ट दुरुस्त करणारा, मला यातलं ओ की ठो कळेना. हिला सगळं कळत होतं. ही रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. हाच आकडा वाचून हिने कित्येकींना गोड बातमी दिली आहे.

इंजेक्शन घेतलं त्या दिवशी दोघं पोटभर रडलो. चौथ्या दिवशी आकडा आणखी चढला आणि माझं धाबं दणाणलं.

"चौथ्याला चढतो कधीकधी. सातव्याचा बघायचा," ही म्हणाली. पण तोच कागद तिने तीनदा उलगडून पाहिला. आईचा बाटलीचा उद्योग त्याच संध्याकाळचा. मी बाटली उचलून हत्यारांच्या पेटीत घातली आणि कुलूप लावलं.

सातव्या दिवशी हिच्या लॅबमधल्या थोरल्या बाई कागद नाचवतच बाहेर आल्या. "उतरला गं! निम्म्यावर आला!"

सगळ्या लॅबने टाळ्या वाजवल्या. बाकावरच्या एका आजींनी हिचा हात धरला. "अभिनंदन हो! कितवा महिना?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ही मात्र खळखळून हसली. "महिना नाही हो, आजी. नळी वाचली माझी!" आजींना काही कळलं नाही, तरी त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

आकडा शून्यावर यायला आणखी पाच आठवडे लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शनपासून तीन महिने थांबा, मग पुन्हा बाळाच्या तयारीसाठी त्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करा.

घरी येऊन हिने माझ्याकडून किल्ली घेतली. पान्यांखालून बाटली काढली, ग्रीस पुसलं, मुदतीची तारीख पाहिली. बराच वेळ ती हातात धरून बसली.

"मी हात लावत नाही हो," आई दारातूनच म्हणाली.

हिने डोळे पुसले आणि बाटली आईच्याच हातात दिली. "तुमच्याकडेच ठेवा, आई. वेळ झाली की तुम्हीच द्या."